वाळूतला वळसा

बोटीतून उतरलं की आमच्या बेटावरची पायवाट वाळूतून थेट वस्तीकडे जाते. फक्त एका जागी ती एकदम बाजूला वळते आणि पुन्हा सरळ होते. तिथं ना खड्डा, ना दगड. नुसती वाळू.

थंडीत त्या जागी, अगदी ऐन वाटेत, एका कासविणीनं अंडी घातली होती. गावानं जुन्या जाळ्याचं कुंपण केलं, पाळ्या लावून राखण केली. गॅसचे सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या, एकदा तर अख्खी वरात त्या कुंपणाला वळसा घालून गेली. पुढे पिल्लं समुद्रात गेली, कुंपण निघालं. वळसा मात्र लोकांच्या पायांत राहिला. सगळीकडे वाटा सरळ करायची घाई चाललेली असताना आमच्या गावानं एक वाट वाकडी केली, याचं मला भारी कौतुक वाटतं.

तरी काल बोट चुकेल म्हणून मीच तिथून सरळ धावलो. समोरून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या सुमनकाकी ओरडल्या, “अरे, वळसा घाल की!”

“आता काय आहे तिथं?”

“त्या पिल्लांतल्या लेकी मोठ्या होऊन बाळंतपणाला इथंच यायच्या.”

“त्याला कितीतरी वर्षं लागतील, काकी. तोवर आपण असू का?”

“आपण नसू. जागा नको का असायला?”

मी मागे फिरलो आणि वळसा घेतला. धक्क्यावर पोचलो तर बोट उभीच. बोट चालवणारा तांडेल हसत म्हणाला, “मागे फिरलात ते बघितलं, म्हणून थांबलो. सरळ आला असतात तर सोडली असती.”