नुसतं रॉजर

मुक्ता विमान चालवायला शिकते. सुट्टीला घरी आली की जेवणाच्या टेबलाशी बसून रेडिओवरच्या बोलण्याचा सराव करते. काल मी समोरच मेथी निवडत होते. फोनमधल्या रेकॉर्डिंगमधून विमानतळाच्या टॉवरवरच्या बाईचा आवाज वैमानिकाला सूचना देत होता आणि माझी मुलगी ती शब्दन्‌शब्द परत म्हणत होती.

"परत कशाला म्हणायचं?"

"नीट ऐकलंय हे तिला कळायला नको? रीडबॅक म्हणतात त्याला."

मग तिने समजावलं. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, एवढंच. 'विल्को' म्हणजे ऐकलं आणि तसंच करते.

मला त्या बाईचा हेवा वाटला, आणि चांगलाच वाटला. तिने ना हिची वेणी घातली, ना हिच्या तापात जागली. तरी तिचा एक शब्द खाली पडत नाही. तिथे माणसं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून जिवाचा कान करून ऐकत असतील. आम्ही एका टेबलाशी बसतो. माझ्या वाट्याला येतो तो 'हं', म्हणजे फार तर रॉजर.

"उद्या पोचलीस की फोन कर," मी म्हटलं.

"हं."

"हं नाही. परत म्हण."

तिने पाठ ताठ केली. "पोचल्यावर आईला फोन. विल्को." आणि फिस्सकन हसली.

नवरा पेपराआडून म्हणाला, "झालं टॉवरचं समाधान?"

नाही झालं. त्या बाईला उत्तर देताना ती हसत नाही.