वरच्या खोलीतला चार वाजताचा खोकला

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं. कुणी "आमच्याकडे असं असं घडलं हो" म्हणून डोळे मोठे केले की मी विचारायचे — किती वेळा? कितीपैकी? नात्यातल्या लोकांनी मला असल्या गोष्टी सांगणं केव्हाच सोडलं. आता माझ्यावरच सांगायची वेळ आलीय, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं.

आम्ही हैदराबादचे, नल्लकुंट्यात राहतो. यांचं घराणं तीन पिढ्या इथे, सगळे सरकारी नोकरीत. घराच्या मागच्या अंगाला खाली स्वयंपाकघर आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर एक सुटी खोली. जिना बाहेरून. ती खोली आम्ही भाड्याने देतो. गेल्या जूनमध्ये तिथे इद्रिस आला — सुदानचा, एम.फार्म करणारा. शांत मुलगा. संध्याकाळी खाली येऊन यांच्याशी बुद्धिबळ खेळायचा. डास फार, म्हणून बैठकीच्या खिडक्या बंद करून दोघं तासन् तास बसलेले असायचे.

यंदा जानेवारीत त्याला टीबी निघाला. सांगायला तो स्वतःच आला, जिन्याच्या खालच्या पायरीवर मास्क लावून उभा राहिला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात त्याचा विचार आलाच नाही. आमची मेघना पुण्याहून एप्रिलमध्ये बाळंतपणाला येणार होती. पहिलटकरीण. तान्हं बाळ या घरात आणि वर हा!

मी त्याला मार्चअखेर खोली सोडायला सांगितलं. त्याचा स्टीलचा पेला वेगळा केला. आणि मनाला शास्त्राचा आधारही होता बरं का... वर्गात मी एक आलेख काढायचे — विलायतेतले टीबीचे रुग्ण, तिथेच जन्मलेले कमी, बाहेर जन्मलेले जास्त. म्हणजे बाहेरचाच आणतो, झालं! त्या आलेखातले "बाहेरचे" म्हणजे आपणच, हे मी सोयीस्कर विसरले. मेघना इंग्लंडला शिकायला निघाली तेव्हा व्हिसासाठी, टीबी नाही ना हे बघायला, तिला छातीचा फोटो काढायला लावला होता, तर हीच मी केवढी तणतणले होते.

मग सुजाता आली. आरोग्य खात्याची, तेलुगू बाई. इद्रिसबरोबर ऊठबस असलेल्या सगळ्यांची तपासणी करायची म्हणाली. घरात पूर्वी कुणाला होता का? हे म्हणाले, नाही. खोकला आहे? नाही. मग फोटो नक्को, म्हणाले. मीही री ओढली, की आम्ही इथले, हे दुखणं बाहेरून आलंय. सुजाताने पेन बंद केलं.

"अम्मा," ती म्हणाली, "मेरे रजिस्टर में बाहर वाले उंगलियों पे गिन लो. बाकी सारे पन्ने यहीं के लोगां."

मला तिचा रागच आला.

इद्रिसचा खोकला मला पाठ होता — ओला, दाबून खोकलेला. गोळ्यांनी तो थांबला आणि फेब्रुवारीत इद्रिस पुन्हा कॉलेजला जायला लागला. त्यानंतर एका गुरुवारी मी चार वाजता चहाचं आधण ठेवलं आणि डोक्यावर कुणीतरी खोकलं. तीन कोरड्या ढासा, जरा थांबून एक लांबलचक, आणि मग पत्र्याच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज.

अंगणात जाऊन वर पाहिलं. दाराला बाहेरून कुलूप.

असं आहे तर, म्हटलं. पठ्ठ्याने आपल्यासारखाच दुसरा आजारी आणून ठेवलाय आणि कुलूप लावून जातो. चोराची वाट पाहावी तशी मी रोज चारची वाट पाहू लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा केल्या. अकरा दिवसांत नऊ वेळा. आणि आणखी एक लक्षात आलं... चारला पाच मिनिटं कमी असताना हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. रोज. यांना काहीतरी माहीत होतं, नक्की.

बाराव्या दिवशी, सोमवारी, दुसऱ्या किल्लीने खोली उघडून आत गेले. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं — सांगायला शरम वाटते. कुणी नव्हतं. पुस्तकं, घडी घातलेली चटई, गोळ्यांची पाकिटं. मी खुर्चीवर बसून राहिले.

चारला खोकला आला. माझ्यापासून हातभर अंतरावर, पलंगाच्या उशाशी. तीन. मग एक लांब... इतक्या जवळून, की मी नकळत तोंडावर पदर धरला. मग झाकणाचा आवाज. खोलीत पत्र्याचा डबा नव्हता.

मी घाबरले. चपला वरच राहिल्या. तशीच अनवाणी बैठकीत आले आणि विचारलं, "अहो, तुम्हाला ऐकू येतो ना तो?"

यांनी टीव्ही बंद केला.

"दादाचा खोकला आहे तो," हे म्हणाले.

यांचे थोरले भाऊ आमच्या लग्नाच्या बारा वर्षं आधी गेले. त्याच खोलीत. मला सांगितलं होतं, दमा. दमा कसला, क्षय होता. हे तेव्हा चौदा वर्षांचे. दादाला एकट्याने जेववत नसे, म्हणून हे ताट वर न्यायचे आणि त्याच ताटात बरोबर जेवायचे. उशाशी थुंकायला राख घातलेला पत्र्याचा डबा असायचा. पण घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या. सासूबाईंनी देवापुढे शपथ घातली — कुणीही विचारलं तरी दमाच म्हणायचं. सत्तरीच्या माणसाने परवा सुजातालाही ती शपथ पाळून दाखवली!

मी चिडले, रडलेसुद्धा. मग म्हटलं, मी तर त्या माणसाला कधी पाहिलंही नाही, मला का ऐकू यावा?

"ते मला काय माहीत," हे म्हणाले. "पण उद्या फोटो काढून येऊ. मेघना यायचीय."

फोटोत डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग निघाला, थुंकीतही जंतू निघाले. एक दिवस खोकला नव्हता हो यांना! वजन उतरत होतं, तर साखर सोडल्याचा गुण म्हणून आम्ही खूश होतो. माझी तपासणी स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, लहानपणी शिरलेले जंतू छातीत पन्नास वर्षंही निजून राहतात आणि म्हातारपणी उठतात; कुणाचा कुणाला लागला हे मात्र ते काही लिहून देत नाहीत. पण इद्रिसने इथे येताना कॉलेजसाठी काढलेला फोटो स्वच्छ होता, आणि बंद खिडक्यांच्या खोलीत थंडीभर त्याच्यासमोर कोण बसलं होतं, ते मला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी चहा घेऊन वर गेले. माफी मागायची सवय नाही मला, अडखळत काहीतरी बोलले, खोली सोडू नकोस म्हणाले. तो म्हणाला, "आंटी, अंकल गोली एक दिन भी छोड़ना नहीं." बस, एवढंच.

यांच्या गोळ्या सुरू झाल्या त्या दिवसापासून वरचा खोकला बंद झाला. यांची थुंकी स्वच्छ आल्यावर, डॉक्टरांना विचारूनच, मेघनाला बोलावलं. मे महिन्यात नात झाली. इद्रिस अजून वरच आहे.

परवा मेघनाने ते कॅलेंडर चाळलं आणि खुणा कसल्या म्हणून विचारलं. सगळं सांगितलं. अकरापैकी नऊ. उरलेले दोन कोरे चौकोन मी तेव्हा किरकोळ म्हणून सोडून दिले होते. मेघनाने त्यांच्यावर बोट ठेवलं. दोन्ही लाल होते... दोन्ही रविवार.

रविवारी इद्रिस दिवसभर खोलीत असायचा. त्या दिवशी वरून खोकला आला असता, तर मी म्हटलं असतं याचंच दुखणं उलटलं, आणि त्याच दुपारी त्याचं सामान अंगणात काढलं असतं. यांचा फोटो कधी निघालाच नसता. बाळ मात्र आलं असतं, याच घरात, यांच्या मांडीवर.

कारण विचाराल तर आजही माझ्याकडे नाही. दादांना जाऊन पन्नासावर वर्षं झाली. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, त्यांना माझा स्वभाव इतका नेमका कसा ठाऊक होता?