वजन वाढेपर्यंत

माझी धाकटी जन्मली तीच हृदयाला छिद्र घेऊन. शहरातले डॉक्टर म्हणाले, "थोडं वजन वाढू द्या, मग ऑपरेशन करू." तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. दूध पिताना तिला धाप लागायची, कपाळाला घाम फुटायचा. आणि येणारी-जाणारी बाई मलाच ऐकवायची, "लई वाळलंय गं लेकरू, काय खाऊ घालतीस का न्हाई?" गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एकीला मी सुनावलं, "मग तुमीच घाला की!"

त्या वर्षी नवरा दिराच्या जोडीने ऊसतोडीला गेला. लेकीसाठी मी धारूरजवळच्या आमच्या गावातच राहिले. थंडीत तिचे गाल भरायला लागले. पाय गुबगुबीत झाले. अंगणवाडीच्या काट्यावर वजन चढलेलं बघून मी तिथंच रडले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. "बाळसं धरलं माझ्या बाईनं," म्हणत गल्लीभर साखर वाटली. दुपटीही कमी ओली व्हायला लागली होती. मला वाटलं, लेक शहाणी झाली. फोनवर नवरा म्हणाला, "मुकादमाला सांगून येतोच. आता ऑपरेशन हुतंय बग."

शहरातल्या डॉक्टरांनी वजन पाहिलं, पण ते हसले नाहीत. तिच्या नडगीवर त्यांनी बोट दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला.

"ताई, हे बाळसं नाही, अंगात पाणी साठलंय. हृदयाकडून पुरेसं रक्त मिळत नाही, म्हणून किडन्या दमल्यात. लघवी कमी झालीय का?"

मला कोरडी दुपटी आठवली. राग आला. कुणाचा ते कळेना. त्या काट्याचा म्हणा हवं तर.

औषधांनी पाणी उतरलं. गाल बसले, वजन आधीपेक्षाही खाली आलं. काटा बघून नर्स "छान" म्हणाली, तेव्हा लेकीकडे बघवेना मला. फडातून थेट आलेला नवरा उसाच्या पात्यांनी चिरलेले हात पाठीमागे बांधून उभा होता. डॉक्टर म्हणाले, "किडन्या सावरल्याशिवाय हिला ऑपरेशन झेपणार नाही."

नवऱ्यानं हळूच विचारलं, "पर सायेब, ऑपरेशन झाल्याबिगर किडन्या सावरायच्या कशा?"

डॉक्टरांनी लेकीच्या नडगीवर पुन्हा बोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "तेच तर मला कळत नाहीये."