सहाव्या घराची ओली भिंत

आधीच सांगतो, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. कुणाच्या अंगात आलं, कुणाला पिंपळाखाली काही दिसलं, की वर्गात त्याची यथेच्छ टिंगल करणारा मास्तर म्हणजे मी. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही... मीही हसलो असतो.

आमचं गाव तोंडवली, तालुका मालवण. रिटायर झाल्यावर आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक छोटी संस्था काढली – ज्यांना स्वतःचं घर बांधणं या जन्मी शक्य नाही अशांसाठी. कुणी सड्यावरची, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावरची, कातळाची जमीन दिली, कुणी चिरे दिले, मुंबईकर मंडळींनी सिमेंट पाठवलं. मजूर मात्र परवडत नव्हते. म्हणून पद्धत ठरली – ज्याला घर हवं, त्या कुटुंबातल्या एका माणसाने शंभर दिवस इथे राबायचं. फक्त स्वतःच्या घरावर नाही, सगळ्यांच्या. शंभर दिवस पुरे झाले की चावी.

त्यात एक नियम मी घातला – काम करणारा अठरा वर्षांच्या वरचा हवा. पहिल्या दोन घरांच्या वेळी लोक सरळ पोरांना पाठवायला लागले होते, शाळा बुडवून. मला ते बघवेना. नियम चांगला होता हो... अजूनही वाटतं, चांगलाच होता.

यादीप्रमाणे सहावं घर सुमतीबायचं. नवरा नाही, सतरा वर्षांची एक मुलगी – प्रणाली. दोघी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली राहायच्या. पहाटे मासळी निवडून सुमतीबाय सड्यावर यायची आणि दिवसभर भिंतींना पाणी मारायची. ताज्या प्लास्टरला दहा-बारा दिवस पाणी मिळालं नाही तर तडे जातात. ते काम तिच्याकडे. बाकीचे पाइप धरायचे, ही बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन. डावीकडून सुरू करायची, उजवीकडे संपवायची. म्हणायची, पाइपाने पाणी फुकट जातं.

एकोणनव्वद दिवस झाले आणि तिचा उजवा खांदा धरला. मग तापही यायला लागला. एके दुपारी ती माझ्या पडवीत येऊन बसली.

"मास्तरांनू, अकराच दिवस ऱ्हवले. माझो हात वर जायत नाय. माझा चेडू येतला माझ्या बदल्यात. तेका पाणी मारूक येता."

"सुमतीबाय, नियम सगळ्यांका सारखो," मी म्हटलं. "आधी बरी हो. घर खंय पळान जाता काय?"

ती हसली. खरंच हसली, आणि गेली. आठव्या दिवशी ती वारली.

प्रणालीला मामा त्याच्या गावी, रेडीला घेऊन गेला. घर तिच्या नावावर करता येत नव्हतं – शंभर दिवस नाहीत, वयही नाही. यादीत पुढचं कुटुंब होतं एका खलाशाचं. होडीवरून पडून त्याची कंबर गेलेली, बायकोने शंभर दिवस कधीच पुरे केलेले, तीन लहान मुलं. त्यांना घर द्यायचं ठरलं. वाईट कुणीच नव्हतं यात. तेच जास्त छळतं.

आता मुख्य गोष्ट. सहाव्या घराच्या दर्शनी भिंतीला आमच्या आंतोन गवंड्याने प्लास्टर केलं आणि नेमका टँकर बंद झाला. मे महिना, सड्यावर पाण्याचा थेंब नाही, पिंपं पालथी घातलेली. आंतोन डोक्याला हात लावून बसला – भिंत फाटणार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. "मास्तरांनू, पाणी कोणी मारल्यान?"

मी जाऊन बघितलं. भिंत ओली. पण पूर्ण नाही – खालपासून साधारण माझ्या छातीपर्यंत. वर कोरडी ठणठणीत. मी आंतोनला जमिनीतून ओल कशी वर चढते ते समजावलं. तो म्हणाला, "कातळात? मे महिन्यात?"

रोज तेच. सकाळी कोरडी, दुपारी ओली. प्रणाली चोरून येत असेल असं वाटून मामाला फोन केला. ती त्याच्यासमोरच तांदूळ निवडत होती, माझ्याशी बोलली.

शेवटी एके दिवशी सकाळपासून मी स्वतः भिंतीसमोर काजूच्या सावलीत बसलो. आंतोनही होता. अकराच्या सुमारास – लख्ख ऊन, वारा नाही – भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात एक ओला फटकारा उमटला. हातभर रुंद. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा... मध्ये थांबत, दम खात सरकावं तसे. ओल्या सिमेंटचा वास आला. आवाज कसलाच नाही. आणि एकही फटकारा त्या रेषेच्या वर गेला नाही. मला तेव्हा कळलं ती उंची कसली आहे. तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

आंतोन गळ्यातला क्रूस धरून पुटपुटत होता. मला भीती नाही वाटली. लाज वाटली, मरणाची लाज. मी उठून मोठ्याने म्हटलं, "सुमतीबाय, पुरे गो आता." ते थांबलं नाही. उजव्या कोपऱ्यापर्यंत जाऊनच थांबलं.

पुढे एके दिवशी भिंत कोरडी राहिली, आणि मग कायमची कोरडी. आंतोनने दिवस मोजले होते. अकरा झाले होते.

आजही ती भिंत बघायला या. वरच्या भागाला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे आहेत, खाली एकही नाही.

चावी द्यायच्या आधीच्या मीटिंगला मी ठरवून गेलो होतो – सांगायचं, तिचे शंभर पुरे झाले, घर मुलीसाठी राखून ठेवा. बाहेर खलाशाची बायको तीन मुलांना घेऊन बसलेली. आत अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" मी चष्मा पुसत राहिलो. काय सांगणार होतो – भिंत ओली झाली म्हणून?

चावी दिली त्या दिवशी प्रणाली रेडीहून आली होती, आईची बादली न्यायला. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आली.

"मास्तरांनू, आवस सपनात येता. म्हणता, माझे शंभर पुरे झाले, मास्तरांका इचार. खरा काय ता?"

मागे त्या घरात मुलं धावत होती, दारं उघडून-लावून बघत होती. हो म्हटलं असतं तर तिला पुढे काय सांगणार होतो?

"नाय गो," मी म्हटलं. "एकोणनव्वदच."

"माका वाटलाच," ती म्हणाली. वाकून माझ्या पाया पडली आणि बादली घेऊन घाटीची पायवाट उतरून गेली.

कातळावर, भर उन्हात, ते पाणी कुठून आलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. प्रणाली आता गोव्यात कुणाच्या तरी घरी कामाला आहे. चतुर्थीला तिचा फोन आला होता. म्हणाली, मालकीण बरी आहे, जिन्याखाली झोपायला जागा दिलीय.