चौरंगावरचा कॉम्प्युटर

दुसरीच पोळी लाटताना वसुंधराच्या हातातून लाटणं सुटलं आणि गडगडत नरहरीच्या पायाशी गेलं. नरहरी फर्स्ट शिफ्टला निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता त्याने वर पाहिलं.

"कावून वो, हात दुखून राहिला का?"

"काही नाही. तेलाचा हात होता, निसटलं."

खोटं होतं ते. महिन्याभरापासून तिच्या उजव्या हाताची अंगठ्याकडची तीन बोटं बधिर होत होती. रात्री मुंग्यांनी जाग येई, मग ती उशीखाली हात दाबून पडून राही. लेकीची वेणी घालायची तर तिसऱ्या पेडाला बोटं ऐकेनाशी होत. पण हे नरहरीला सांगितलं, की तो म्हणणार, सोड ते मशीन. आणि मशीनच तर तिला सोडायचं नव्हतं.

सिविक सेंटरजवळच्या त्या ऑफिसात अकरा वर्षं ती टाइपरायटर बडवत होती. गेल्या वर्षी, नव्वद साली, कॉम्प्युटर आला आणि त्यावर हजेरी चढवायला साहेबांनी तिला बसवलं. वैशाली नगरातल्या शेजारणी तेव्हापासून तिला जरा वेगळ्या नजरेने बघत. आता शनिवारी परीक्षा होती. जो वेगाने आणि बिनचूक काम करील, त्याची नेमणूक पक्की. दुसरा उमेदवार अरुणकुमार, नेहरू नगरच्या क्लासमध्ये तीन महिने शिकून आलेला. तिने चहाला उठावं आणि त्याने खुर्चीत बसावं, असं दोनदा झालं होतं. तेव्हापासून तिने चहा सोडला होता. चार-चार तास ती जागची हलत नसे.

कॉम्प्युटर आला तो नेमका विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. हेडक्लार्क भैय्याजींनी घरून चौरंग आणला, तो टेबलावर ठेवला, चौरंगावर मशीन, मशीनला हार. पूजा झाली, हार वाळला, चौरंग मात्र राहिला. "एकदा बसवलेली वस्तू खाली उतरवत नसतात," भैय्याजींनी सांगून टाकलं. त्यामुळे कीबोर्ड तिच्या छातीपाशी येई. वरच्या फळीवरचे डबे काढावेत तसे हात उचलून ती दिवसभर बटणं दाबी, मान वर करून पडद्याकडे बघे.

बुधवारी ती लपून डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "कीबोर्ड कोपराच्या उंचीला पाहिजे, मनगट सरळ. तासाला एकदा उठायचं, नजर लांब न्यायची. हे आधी केलं असतं तर इथवर आलं नसतं. आता पंधरा दिवस हाताला आराम."

"पंधरा दिवसांत माझी खुर्ची जाते, डॉक्टरसाहेब."

"आणि आराम नाही केला तर हात जातो."

गुरुवारी तिने युक्ती केली. कीबोर्ड मांडीवर घेतला. मनगटं सरळ झाली, खांदे उतरले. तेवढ्यात भैय्याजी आत आले.

"अवं वसुंधराबाई! पूजेची मशीन मांडीवर? पाय लागन ना!"

"पाय खाली आहेत, भैय्याजी."

"वर ठेवा, वर. साहेबांनं पाह्यलं तर मले बोलन."

तिने वर ठेवला. दुपारपर्यंत बोटं पार लाकडासारखी झाली. हजेरीच्या एका पानात तीन चुका निघाल्या. शेवटी ती उठून नळाखाली हात धरायला गेली. परत आली तर अरुणकुमार खुर्चीत. तिला राग यायला हवा होता. पण तो टाइप करत नव्हता, मनगट धरून हात झटकत होता.

"तुले बी होऊन राहिलं?"

तो दचकला. "नाही दीदी, कुछ नाही. असंच."

त्या सकाळी लाटणं निसटलं तेव्हा नरहरीपुढे तिने हाच सूर लावला होता.

"ऊठ. तिकडून धर."

"भैय्याजी ओरडतील."

"ओरडू दे. धर म्हणते ना."

दोघांनी वायरी सांभाळत पडदा आणि पेटी उचलून बाजूला ठेवली, चौरंग खाली काढला आणि सगळं पुन्हा टेबलावर मांडलं. आवाज ऐकून भैय्याजी धावत आले.

"काय अपशकुन करून राहिले तुम्ही! देव कोपला म्हणजे?"

"माझ्यावर कोपू द्या. माझा हात तर बिघडलाच आहे. या पोराचा कशाला बिघडवता?"

भैय्याजींनी चौरंग उचलून भिंतीशी ठेवला. हाताबद्दल तिने ऑफिसात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने कागद ओढला, पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. पेन दोनदा घसरलं. शनिवार त्या पंधरा दिवसांतच येत होता. भैय्याजींनी तारखा वाचल्या.

"परीक्षा?"

"तो देईल."

पर्स खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली, परत फिरली.

"तासाला उठत जा. उठला नाहीस तर मी येऊन उठवीन."

अरुणकुमारने मान हलवली.

"आणि खुर्ची फार गरम करू नको. येणार आहे मी."

तो हसला नाही. तीही हसली नाही.