बरडावरचं बिननावाचं झुडूप

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. गाव हसनाबादजवळ, कॉलेज जालन्याला, विषय वनस्पतीशास्त्र. गावात हसायचे, "गवत वाळवायला कॉलेजात कशाला जायाचं?" हसू देत. मला दिसेल ते पान उलटून बघायचं वेड होतं. पानाची खालची बाजू कधी बघितलीय तुम्ही?

गावाबाहेरच्या बरडावर, मुरमाड माळावर, एक झुडूप होतं. एकच. कमरेइतकं, पानं मागून पांढरी, चुरगळली की ओव्यासारखा उग्र वास. बहात्तरच्या दुष्काळात बाभळी वाळल्या, हे हिरवंच — कसं काय? माझी सखूआत्या सुईण. बाळंतिणीला शेकायला ती त्याचा पाला न्यायची. नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला? ते का हाकेला येणार हाय? पानं खूड, मुळाला हात लावायचा न्हाई."

कॉलेजातल्या सरांनाही ते ओळखता येईना. "फुलासकट फांदी आण," म्हणाले. नमुना म्हणून झुडपाची फांदीच कागदावर लावतात, मुळासकट उपटायची ती लहान रोपं — हे मला पाठ होतं.

मग मी कुदळ का नेली?

मुळं किती खोल जातात ते बघायचं होतं — हे खरं. पण वर्गातल्या दुसऱ्या कुणाला ते मिळू नये, हे जास्त खरं. मुळं खडकाच्या भेगेत गेलेली. तुटली. एक फांदी ठेवली, बाकीचं नाल्यात टाकलं. खड्डा बुजवला, वर शेळ्यांच्या लेंड्या विस्कटल्या. हो — तेही मीच.

बरडावर चरायच्या त्या शेजारच्या काशिनाथकाकाच्या शेळ्या. आत्या त्याच्या दारात जाऊन भांडली. तो कळवळून म्हणाला, "अगं सखू, त्या वासाला शेळी तोंड लावत न्हाई!" आत्या माझ्याकडं वळली. "तू शिकलेला हाईस. सांग, खाती का शेळी?"

"खाते," मी म्हणालो.

शिकलेल्याचा शब्द. आत्या पुन्हा काकाच्या दारात गेली नाही — त्याच्या लेकीच्या बाळंतपणालाही नाही.

त्या झुडपाचं नाव अजून मला माहीत नाही. वाळलेली फांदी माझ्याकडं आहे. माझी कॉलेजातली वहीही आहे. तिच्यात दुष्काळातली एक नोंद, माझ्याच अक्षरात: "शेळ्यांनी बाभळीची सालही सोडली नाही, याला मात्र तोंड लावत नाहीत. का?"