ताईची चाल

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड होता, जन्मापासूनच. ती रस्त्याने निघाली की गल्लीतली पोरं मागे रांग धरून तिच्यासारखीच डुलत चालायची. खेळाला त्यांनी नावही दिलं होतं, 'ताईची चाल'. पायऱ्यांवर बसलेली मोठी माणसं पोरांना दटावायची नाहीत, बघत बसायची. एखादी बाई हसू दाबायला तोंडाला पदर लावायची, तेवढंच.

विसाव्या वर्षी ती एका बूट करणाऱ्याकडे कातडं शिवायला लागली. तिथे उरलेल्या कॉर्कचे तुकडे एकावर एक चिकटवून तिने स्वतःसाठी उंच तळाचा एक बूट केला. मालकाने तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"घोड्याचा खूर दिसतोय," तो म्हणाला. "पण चालतेस सरळ."

सरळ चालत जाऊन तिने ती नोकरी सोडली आणि एका जिन्याखालची खोली भाड्याने घेतली. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी तीन वर्षांची असताना नवरा तापाने गेला. जिन्याखालचं काम मात्र थांबलं नाही. कोणाचा पाय सुजलेला, कोणाची बोटं अपघातात गेलेली, कोणाचा पाय काडीसारखा वाळलेला. आलेल्या माणसाला ताई आधी म्हणायची, "चालून दाखवा." आणि स्टुलावर बसून त्याची टाच कुठे घसटते, गुडघा कुठे वळतो ते बघत राहायची. तिच्याइतकं निरखून आणि तरीही न हसता त्या लोकांकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा बनवायला एक साचेवाला होता. ताई त्याला दादा म्हणायची. साच्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून तो फळीवर ठेवायचा.

पाटी रंगवणाऱ्याने दुकानाचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ताईची चाल."

"लोक हसतील हो."

"हसतातच. आता आत येऊन हसू देत."

लेकीचे दोन्ही पाय सरळ होते. शाळेत जाताना ती आईच्या दहा पावलं पुढे चालायची. ताईच्या ते लक्षात आलं होतं. तिने कधी हाक मारून तिला थांबवलं नाही.

पण तीच लेक शिकूनसवरून दुकानात आली. डोकं तल्लख होतं तिचं. पहिल्याच महिन्यात म्हणाली, "आई, तुझं नाव फार चांगलं आहे. त्यात माल अडकलेला नाही. आज हे बूट, उद्या शाळेचे, परवा पळायचे. बाजार फिरेल तसं आपण फिरायचं, नाव तेच."

आपल्याला चिडवायला काढलेल्या शब्दांची लेकीने केलेली तारीफ ऐकून ताईला भरून आलं. लेकीने पुढे केलेल्या सगळ्या कागदांवर तिने सह्या केल्या. नाव कंपनीचं झालं, आणि कंपनी लेकीची.

शाळेचे बूट चालले. मग पळायचे चालले. तयार साचे बाहेरच्या कारखान्यातून येऊ लागले तेव्हा लेक म्हणाली, दादांना आता सांगायला हवं. "मीच सांगते," ताई म्हणाली.

साचेवाला अठरा वर्षं तिच्याकडे होता. त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. "माझं काय चुकलं, ताई?"

"काही नाही. साचे लागत नाहीत आता."

"आणि ही माणसं?" त्याने फळीकडे बोट दाखवलं.

आठवड्याभरात साचे जळणाला गेले. तिने स्वतः ते पोत्यात भरले, एकेक नाव वाचत. तेव्हा तिला वाईट वाटलं का, असं कोणीतरी तिला एकदा विचारलं. "वाटलं," ती म्हणाली, "पण लेकीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मी शहाणी होते ना."

नव्या मोठ्या दुकानाच्या उद्घाटनाला ती इस्त्रीची साडी नेसून गेली. दारातच लेकीने तिचा दंड धरला.

"आई, तू आज मागे बस हं."

"का गं?"

"लोकांना वाटेल इथे फक्त तसलेच बूट मिळतात."

"तसले म्हणजे कसले?"

लेकीने कोणाला तरी हात केला आणि पुढे गेली. ताई गोदामात खोक्यांवर बसून टाळ्या ऐकत राहिली. पाटीवरून 'ताईची' हा शब्द गेला होता. नुसतं 'चाल' उरलं होतं. पुढच्या हंगामापासून उंच तळाचे बूट करणंही बंद झालं. जुन्या गिऱ्हाइकांना विक्रेते गोड बोलून बाहेर काढत.

सहा-सात वर्षं गेली. पळायचे बूट मग गल्लोगल्ली मिळायला लागले आणि दुकान ओस पडलं. सल्ला द्यायला बोलावलेल्या एका गृहस्थाने सांगितलं, लोकांना आता बुटामागची गोष्ट हवी असते. लेक त्या दुपारी फळं घेऊन घरी आली. किती दिवसांनी आईच्या पायाशी बसली.

"तुझी गोष्ट दाखवू या, आई. सगळ्यांना."

ताई तयार झाली. न व्हायला काय झालं. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर दिवे लावले होते. कॅमेरेवाला म्हणाला, "बूट काढा."

"बूट काढून मी चारचौघांत चालत नाही," ताई म्हणाली.

"आई, तेच तर दाखवायचंय," लेक म्हणाली.

अडुसष्ट वर्षांची बाई अनवाणी चालली. "पुन्हा." चालली. "थोडं जास्त झुका. कळलं पाहिजे." सातव्या खेपेला पाय सरकला आणि ती आडवी पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज लेकीलाही ऐकू आला. कॅमेरेवाल्याने कॅमेरा बंद केला नाही. करायला कोणी सांगितलंही नाही.

जाहिरातीत तिचं पडणं ठेवलं. त्यावर अक्षरं आली, 'ती पुन्हा उठली.' ही जाहिरात घरोघर पोचली तेव्हा ताई दवाखान्यात उताणी होती आणि नर्स तिला कूस बदलून देत होती. दुकानात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती.

हाड जुळलं ते आखूड. फरक आता तीन इंचांचा झाला. तसा बूट तिच्याच चालीचं नाव लावणाऱ्या दुकानात मिळत नव्हता, म्हणून खाटेवर बसून तिने तो स्वतःच केला. शेजारच्या चौकीदाराने पाहिला आणि आपल्या बायकोसाठी एक मागितला. जुनी माणसं पत्ता काढत आली. ताईने बुटांच्या आत कापडी पट्टी शिवली, 'ताईची चाल'.

चार महिन्यांनी कंपनीच्या वकिलाचा कागद आला, हे नाव वापरू नका म्हणून. तिने लेकीला फोन लावला.

"अगं, नाव माझं. पाय माझा."

"नाव कंपनीचं आहे, आई," लेक शांतपणे म्हणाली. "पाय तुझा."

ताईने पट्ट्या उसवल्या. बूट तेच राहिले, बिननावाचे. एक दिवस एक तरुण बाई आली, पोटऱ्या वाळलेल्या. ताईने तिला चालायला लावलं, निरखलं, पंधरा दिवस खपून बूट केला. बाईने तो घातला, खोलीभर फिरली. कंबर सरळ झालेली तिलाही कळली. मग तिने तो काढून आत हात घातला, बुटाच्या जिभेखाली बघितलं.

"नाव नाही यावर?"

"नाही."

"जाहिरातीतल्या आजींच्या दुकानाचे हवे होते मला. खरे असतात म्हणे."

त्या आजी मीच, हे ताई तिला सांगू शकली असती. तिने बूट परत घेतला.

आता ती काम करत नाही. हात थरथरतात. कोणी विचारत आलंच तर दुकानाचा रस्ता समजावून सांगते. एक माप मोठं घ्या, म्हणते, आणि आखूड पायाच्या बुटात पुठ्ठ्याची घडी घालून टाचेखाली ठेवा. पावसात भिजली की बदला.